हत्तु, शेरू, हत्तु!

गेल्या दिवाळीनंतर शिल्लक रजा काढून मी तीन आठवडे बऱ्हाणपुरात राहिलो आणि त्यातला बराचसा वेळ एका उभ्या गाडीशेजारी बसून काढला. गाडी बिघडलेली नव्हती. आमच्या अक्काचा कुत्रा शेरू त्या गाडीत बसायला तयार नव्हता, आणि शेरू बसल्याशिवाय अक्का बसायला तयार नव्हती.

बऱ्हाणपूर आपल्या भागातल्या पुष्कळांना फक्त रेल्वेच्या वेळापत्रकातून ठाऊक असते. भुसावळहून खंडव्याकडे जाताना तापीच्या काठावर ते लागते. पूर्वी ते खंडवा जिल्ह्यात होते, १५ ऑगस्ट २००३ ला वेगळा जिल्हा झाला. आपल्यासारखेच तेही सीमेवरचे गाव. बाजारात हिंदी, कित्येक घरांत मराठी, आसपासच्या खेड्यांत निमाडी, आणि ज्याला त्याला दुसऱ्याची भाषा कामापुरती येतेच. आपल्याकडे बेळगावचे मांडे म्हणजे खवा-साखरेचे नाजूक पक्वान्न. तिथे मांडा म्हणजे रुमाली रोटीसारखी भलीमोठी पातळ पोळी. लग्न होऊन गेल्यावर पहिल्यांदा ‘मांडे आणलेत’ असे ऐकून अक्का ताट-वाटी घेऊन बसली होती म्हणे, आणि समोर आली ती रस्स्याबरोबर खायची पोळी! हा किस्सा दाजी शेवटपर्यंत सांगायचे.

दाजी नेपानगरच्या कारखान्यात होते. वर्तमानपत्राचा कागद करणारा देशातला तो पहिला कारखाना. निवृत्त झाल्यावर त्यांनी बऱ्हाणपुरात घर बांधले, एक चारचाकी घेतली आणि शेजारच्या केळीच्या बागेतून एक पिल्लू उचलून आणले. तोच हा शेरू. तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला असा साधा गावठी कुत्रा. परवाच्या वर्षी दाजी गेले. भाचा नोकरीनिमित्त बंगळूरला. एवढ्या मोठ्या घरात अक्का एकटी. सगळ्यांनी मिळून ठरवले की तिने आता बेळगावला, आमच्या जुन्या घरात, वरच्या मजल्यावर राहायला यावे. अक्का बरेच दिवस ‘बघू’ म्हणत होती. शेवटी म्हणाली, “शेरू येणार असेल तर मी येणार. त्याला कुणाच्या दारात सोडून मी येणार नाही.”

रेल्वेचा विचार आम्ही करून पाहिला. पण तिथला नियम असा की पहिल्या वर्गाचा कूपे पूर्ण आपल्या नावावर असेल तरच कुत्रा जवळ ठेवता येतो, नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत एकट्याने जावे लागते. हे ऐकूनच अक्काने हात जोडले. उरली गाडी. बऱ्हाणपूर ते बेळगाव, सुमारे ८०० किलोमीटर.

पहिल्या दिवशी आम्ही तेच केले जे तुम्हीही केले असते. भाचा चार दिवसांची सुट्टी घेऊन आला होता. त्याने पट्टा धरला, मी मागून ढकलले. भाचा “चल, बैठ, बैठ!” म्हणून ओरडत होता, मी “चढ रे, चढ” म्हणत होतो, शेजारचे काका भिंतीवरून “अरे, उठा के डाल दो” असा सल्ला देत होते. शेरूने चारही पाय फाकवून जमिनीत रोवले. मग मान मागे खेचून पट्ट्यातून डोके काढले, भाच्याच्या मनगटाला दात लावले आणि जो पळाला तो अक्काच्या पलंगाखाली. दात रुतले नव्हते, पण कातडी खरचटली होती. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि डॉक्टरांना दाखवून आलो. घरचा, लस दिलेला कुत्रा असला तरी यात हयगय करू नये. रात्रीपर्यंत शेरूने अन्नाला तोंड लावले नाही.

अक्का रागावली नाही. फक्त म्हणाली, “काल कुंडी भंडाऱ्यात तुला असंच ढकललं असतं तर?”

मी गप्प झालो. आदल्या दिवशी आम्ही कुंडी भंडारा पाहायला गेलो होतो. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणण्याची ही मोगल काळातली व्यवस्था. अब्दुल रहीम खानखानाच्या कारकिर्दीत, १६१५ च्या सुमारास बांधलेली. विहिरींसारखी एकेक कुंडी आणि खाली त्यांना जोडणारा बोगदा. आत उतरण्यासाठी लिफ्ट आहे, तिच्या तोंडाशी मी पंधरा मिनिटे उभा राहिलो आणि शेवटी न उतरताच परत फिरलो. एम. ए. होऊन, वीस वर्षे मुलांना शिकवून! भीतीला पदवी दिसत नाही, हे खरे.

दुसऱ्या दिवशी गावातल्या पशुवैद्यांना घरीच बोलावले. त्यांनी आधी शेरूची कंबर, गुडघे, पंजे आणि कान तपासले. ते म्हणाले, कुत्रा गाडीत चढत नाही म्हणजे तो हट्टी आहे असे धरून चालू नका. कधी कंबर दुखत असते, कधी कानात दुखणे असते, कधी गाडी लागते. शेरूला दुखणे नव्हते. मग त्यांनी विचारले, “यह गाड़ी में कब-कब बैठा है?”

अक्काने मोजून सांगितले. दोनदा. एकदा पिल्लू असताना, बागेतून येताना, पोत्यात घालून. तेव्हा रस्ताभर ओकत आला होता. दुसऱ्यांदा पायाला तार लागून टाके घालावे लागले तेव्हा. “आणि तिसऱ्यांदा तो बसला नाही,” अक्का म्हणाली, “पण त्याच गाडीतून रात्री ह्यांना दवाखान्यात नेलं. हा फाटकापर्यंत मागे धावला. हे परत आले नाहीत.”

डॉक्टर थोडे थांबले. म्हणाले, तिसरे त्याला कळले की नाही ते मी सांगू शकणार नाही, पण पहिली दोन कारणे पुरेशी आहेत. लहान पिल्लांच्या कानातला तोल सांभाळणारा भाग पुरता तयार झालेला नसतो, म्हणून त्यांना गाडी जास्त लागते. पुढे मोठेपणी गाडी लागणे थांबते, पण ‘गाडी म्हणजे पोटात ढवळणे’ ही गाठ मनात राहून जाते. ती गाठ ओढून सुटत नाही, आणखी आवळते.

मग मी आमच्या कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या मॅडमना फोन लावला. त्यांनी मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंचा प्रयोग सांगितला. १९२४ साली त्यांनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली ती अशी : मुलगा आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यात, खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात ठेवायचा. मुलगा खुशीत खातो आहे असे दिसले की पिंजरा थोडा जवळ. पुढे पुढे तो मुलगा सशाला हात लावू लागला. मॅडम म्हणाल्या, “सर, यात एकच पथ्य आहे. ससा किती जवळ आणायचा ते मुलाच्या चेहऱ्यावरून ठरवायचं, आपल्या घड्याळावरून नाही.”

आम्ही तेच सूत्र धरले. गाडी अंगणात आणून चारही दारे उघडी ठेवली. इंजिन बंद. शेरूची थाळी गाडीपासून वीस पावलांवर ठेवली. तिथे तो खाईना. पंचवीस पावलांवर नेली, तिथे खाल्ले. म्हणजे आमची सुरुवात पंचवीस पावलांवरून. रोज दोन वेळा, दहा-दहा मिनिटे. शेपूट सैल हलवत खाल्ले की पुढच्या वेळी थाळी एक-दोन पावले पुढे.

त्याचा चेहरा वाचायला मात्र शिकावे लागले. कुत्रा गुरगुरला म्हणजे घाबरला, एवढेच आपल्याला माहीत असते. त्याच्या कितीतरी आधी तो सांगत असतो. समोर खाणे नसताना जीभ नाकावरून फिरवणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, कान मागे पाडणे, शेपूट पोटाशी घेणे, मान तिकडे वळवून डोळ्याचा पांढरा कोपरा दाखवणे. आवडता तुकडा समोर असून तोंडात न घेणे ही तर पक्की खूण. यातले काही दिसले की आम्ही मुकाट्याने दोन पावले मागे.

खाऊ म्हणून उकडलेल्या अंड्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. अक्काच्या स्वयंपाकघरात अंडे जात नाही, म्हणून तिने अंगणात वेगळी शेगडी मांडली. शेजाऱ्यांनी प्रेमाने इथला प्रसिद्ध दराबा आणून दिला, तो मात्र मीच खाल्ला. कुत्र्याला साखर-तुपाची मिठाई कशाला? आणि चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, कांदा हे तर त्याला विषासारखे.

सहाव्या दिवशी थाळी गाडीच्या दाराशी आली. आता अडचण निघाली ती सीटची. रेक्झीनवर पंजे घसरतात आणि घसरले की कुत्रा बिचकतो. अक्काने स्वतःच्या जुन्या लुगड्यांची वाकळ आणून मागच्या सीटवर पसरली. तिला घरचा वास. चढायला एक जुना चौरंग, त्यावर गोणपाट. सात वर्षांच्या कुत्र्याला उडी मारायला लावण्यापेक्षा पायरी दिलेली बरी.

आणि आता शब्दाची गोष्ट. ‘चल’, ‘चढ’, ‘बैठ’ हे तिन्ही शब्द पहिल्या दिवशीच्या आरडाओरड्यात बाद झाले होते. ‘बैठ’ म्हटले की शेरू पलंगाकडे पाहायचा. कुत्र्याला भाषा कळत नाही, शब्दाचा आवाज आणि त्या आवाजामागून काय घडले एवढे कळते. ज्या शब्दामागून ओढाताण झाली तो शब्द कितीही गोड आवाजात म्हटला तरी उपयोग नाही. नवा शब्द हवा, जो शेरूने कधीच ऐकलेला नाही.

अक्का सहज म्हणाली, “हत्तु म्हणू या?”

आमची आई गोकाकची. लहानपणी तिने आम्हाला बैलगाडीत, एस. टी.त, माळ्यावर, जिथे कुठे चढवले ते ‘हत्तु, हत्तु’ म्हणतच. बत्तीस वर्षांत अक्काच्या तोंडून कानडी शब्द निघाला नव्हता, बोलायचे तरी कुणाशी? आता ती गाडीच्या मागच्या सीटवर बसून वाकळेवर हात ठेवून हळूच म्हणायची, “हत्तु, शेरू, हत्तु.” पुढचे दोन पाय चौरंगावर आले की अंड्याचा तुकडा. उतरावेसे वाटले तर लगेच “इळी” म्हणून उतरू द्यायचे, अडवायचे नाही. बाहेर पडायची वाट मोकळी आहे हे कळल्यावरच तो आत यायला तयार झाला, हे मी डोळ्यांनी पाहिले. आपल्या दुभाषी घरांत एकाच कुत्र्याला आजोबा कानडीत, सूनबाई मराठीत आणि नातवंडे इंग्रजीत हुकूम देतात आणि मग ‘तो ऐकत नाही’ म्हणतात. भाषा कोणतीही चालेल, पण एका कामाला एकच शब्द, आणि घरातल्या सगळ्यांचा तोच.

आठव्या दिवशी शेरू चारही पायांनी आत चढला. मी इतका खूश झालो की लगेच दार लावायला निघालो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! अक्काने डोळे वटारले म्हणून थांबलो. आणि नवव्या दिवशी तुळशीचे लग्न. गल्लीतल्या पोरांनी फाटकाबाहेर सुतळी बॉम्ब लावला, शेरू नेमका गाडीत असताना. झाले! पुन्हा पलंगाखाली. मला वाटले, नऊ दिवस पाण्यात गेले. म्हणतातच ना, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे. कानडीतही ‘नायी बाल डोंकु’ आहेच. पण दोन दिवस विश्रांती देऊन आम्ही दहा पावलांवरून पुन्हा सुरुवात केली, आणि गंमत अशी की या वेळी तीन दिवसांतच तो आत आला. शिकलेले पुसले गेले नव्हते, नुसते झाकले गेले होते.

पुढचा क्रम थोडक्यात सांगतो. एक दार लावून लगेच उघडणे. मग दोन्ही दारे. मग शेरू बाहेर खात असताना इंजिन सुरू करणे, आणि ते अंगवळणी पडल्यावर तो आत असताना. मग गाडी फाटकापर्यंत नेऊन परत. मग गल्लीला एक फेरी. एका दिवशी एकच नवी गोष्ट. आणि प्रत्येक फेरी संपायची ती त्याच्या आवडत्या ठिकाणी. कुत्रा फक्त दवाखान्याच्या दिवशी गाडीत बसत असेल तर त्याने गाडीवर प्रेम का करावे?

आमचे ठिकाण होते तापीपलीकडचे आहुखाना, जैनाबादचे. मोगलांच्या वेळचे शिकारीचे आणि बागेचे हे ठिकाण. १६३१ च्या जूनमध्ये बऱ्हाणपुरात मुमताज महल गेली, तेव्हा तिला आधी इथेच दफन केले होते. डिसेंबरात तिला आग्र्याला नेले. आज तिथे पडक्या भिंती आणि झाडोरा. शेरू तिथे अर्धा तास हुंगत हिंडला. अक्का दगडावर बसून होती. म्हणाली, “ह्यांच्याबरोबर एकदाच आले होते इथं. नंतर गाडीतच बसले नाही कधी.” तेव्हा माझ्या लक्षात आले, दाजींना नेले त्या रात्रीपासून अक्कासुद्धा त्या गाडीत बसली नव्हती. शेरूला बोलावण्याच्या निमित्ताने ती रोज मागच्या सीटवर बसत होती. मी काही बोललो नाही.

लांबच्या प्रवासाची पथ्ये डॉक्टरांनी लिहून दिली, ती तुमच्याही उपयोगी पडतील. निघण्याआधी तीन-चार तास जड खाणे नाही, पाणी चालेल. कुत्र्याने मागेच बसायचे, छातीला बांधायचा पट्टा घालून तो सीटबेल्टला अडकवायचा. गळ्यातला पट्टा अडकवू नये, जोराचा ब्रेक लागला तर मानेला इजा होते. डोके खिडकीबाहेर काढू देऊ नये. दर दोन तासांनी थांबायचे, आणि दार उघडण्याआधी दोरी हातात. गळ्यातल्या पट्ट्यावर आपला फोन नंबर, सोबत रेबीजच्या लसीचे पुस्तक. गाडी लागत असेल तर त्यावर औषधे आहेत, पण ती डॉक्टरांनी वजन पाहून द्यायची. माणसाची झोपेची गोळी अर्धी करून देणे हा प्रकार कधीही करू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचे, बंद गाडीत कुत्र्याला ठेवून ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून जाऊ नये. बाहेर २४ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंश होऊ शकतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. आपल्याकडचा उन्हाळा तर तुम्हाला सांगायलाच नको.

ज्यांच्याकडे लहान पिल्लू आहे त्यांचे काम सोपे आहे. तीन आठवडे ते साधारण तीन महिने हे त्याचे नव्या गोष्टी सहज स्वीकारण्याचे वय. त्या वयात उभ्या गाडीत बसवून खेळवले, दोन-दोन मिनिटे फिरवून आणले, तर पुढे असे अंगण अडवून बसावे लागत नाही. आपल्या भागात मुधोळचे कुत्रे पुष्कळ घरी असतात. बागलकोट जिल्ह्यातल्या या कुत्र्याचे २००५ साली टपाल तिकीट निघाले, २०१६ मध्ये लष्कराने मीरतच्या केंद्रात त्याला प्रशिक्षणासाठी नेले. मोठा वेगवान शिकारी, पण स्वभावाने हळवा. परक्याने अंगावर टाकलेला हात त्याला खपत नाही. त्याला तर ओढून गाडीत घालण्याच्या भानगडीत मुळीच पडू नका.

निघायच्या दिवशी पहाटे पाचला सामान भरून झाले. भाच्याने येऊन घराची किल्ली ताब्यात घेतली. मी दार उघडले, चौरंग ठेवला. अक्काने “हत्तु” म्हणायच्या आत शेरू आत, वाकळेवर गोल फिरून बसलासुद्धा. अक्का मात्र दाराला हात लावून घराकडे पाहत उभी राहिली. ‘अक्का, चल, उशीर होतो’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते गिळले. गाडी बंद ठेवून मी पुढे नुसता बसून राहिलो. किती वेळ गेला ते पाहिले नाही. मग चौरंगावर पाय ठेवून ती आपणहून आत आली, आणि शेरूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “हं. चला आता.”

वाटेत पुण्याला मुक्काम करून दुसऱ्या संध्याकाळी आम्ही बेळगावला पोचलो. शेरू एकदाच ओकला, तेही कात्रजच्या वळणावर, जिथे मलाही मळमळते. आता तो इथे रुळला आहे. अडचण एकच. गल्लीत कुणाच्याही गाडीचे दार उघडे दिसले की हा आत जाऊन बसतो आणि अंड्याची वाट पाहतो. परवा समोरच्यांच्या वरातीच्या गाडीत, नवरदेवाच्या जागेवर जाऊन बसला होता. सध्या त्याला ‘इळी’ पक्के करून घेण्याचे काम चालू आहे.